लाल त्रिकोणाची जीप आणि आमची छबी

मी आयुष्यात एकदाच मूल पळवलं. तसा माझा पिंड मूल पळवण्याचा नाही. मी भोरच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवत होतो, आणि भूगोलाच्या मास्तराला वर्गातला नकाशा उलटा टांगला जाऊ नये एवढं जमलं तरी पुष्कळ. पण दिवस आणीबाणीचे होते. त्या दिवसांत भल्याभल्यांच्या हातून नको ते झालं, मग माझ्यासारख्याचं काय!

माझी धाकटी बहीण नलू विलायतेत असते. तिचे यजमान मधुकरराव तिथल्या एका कारखान्यात इंजिनिअर. त्यांना दोन मुलगे, उदय सहा वर्षांचा आणि मिलिंद चारचा. नलूला मुलगी हवी होती, आणि डॉक्टरांनी तिसरं बाळंतपण नको म्हणून बजावलं होतं. तेव्हा तिनं ठरवलं, मुलगी इकडूनच दत्तक न्यायची. पुण्याच्या एका बालकाश्रमात दीड वर्षांची छबी होती. मग पत्रं गेली, फोटो गेले, कागद गेले, त्या कागदांबद्दलचे कागद गेले, आणि दिवाळीची सुट्टी संपता संपता चौघंजण सात बॅगा घेऊन आमच्या भोरच्या घरी उतरले.

मोठ्यांना हे माहेर नि सासुरवाड होतं, पण पोरांच्या दृष्टीनं भोर म्हणजे परदेश. दोघं मराठी बोलत, पण रीतभात तिकडची. रस्त्यात म्हैस बसली असेल तर उदय तिला "एक्स्क्यूज मी" म्हणायचा आणि ती उठेपर्यंत थांबायचा. (त्यामुळे पोस्टात जाऊन यायला त्यांना दीड तास लागायचा. म्हशीला इंग्रजी समजत नाही हे त्याला सांगितलं, तर तो तिला "माफ करा हं" म्हणू लागला. वेळ तेवढाच लागला.)

पुण्याच्या कोर्टानं निकालापर्यंत छबीला नलूच्या ताब्यात दिलं, ते दोन अटींवर. मुलगी भोरच्या पत्त्यावरच राहील, कोर्टाला कळवल्याशिवाय तिला हलवायचं नाही, ही एक. आणि कोर्टाचा चौकशी अधिकारी न कळवता येईल, सगळं कुटुंब डोळ्यांनी बघेल आणि अहवाल देईल, ही दुसरी. तारीख सोमवारची होती, आणि विमान त्याच आठवड्यात गुरुवारी. वकिलांनी नलूला स्वच्छ सांगितलं होतं, "अहवाल उलटा गेला तर मुलगी परत आश्रमात. मग मला काही करता येणार नाही."

त्यात छबीची एक गंमत. ती कुणाकडेही जायची. माझ्याकडे, माझ्या बायकोकडे म्हणजे सुमनकडे, शेजारच्या पार्वतीकाकूंकडे, दूधवाल्याकडेसुद्धा. फक्त नलूकडे जायची नाही. नलूनं हात पुढे केले की ओठ काढून रडायची.

"दादा, त्या अधिकाऱ्यासमोर अशी रडली तर?" नलू मला रोज विचारायची.

"नाही रडणार."

"आणि रडली तर?"

"तर मी बघतो."

आमच्या घरात मी "मी बघतो" म्हणालो की सुमन देवापुढे दिवा लावते. त्या दिवसांत ती रोज दोन लावायची.

आता जीपविषयी. त्या वर्षी कुटुंबनियोजनाचा असा जोर होता की आम्हा मास्तरांनासुद्धा नसबंदीच्या शस्त्रक्रियेसाठी माणसं आणायला सांगितलं होतं. हेडमास्तरांच्या खोलीत एक तक्ता होता. त्यात माझ्या नावापुढे शून्य होतं. (एका गृहस्थाला मी महत्प्रयासानं तयार केलं होतं. तो ब्रह्मचारी निघाला.) दारावर लाल त्रिकोण रंगवलेली एक जीप तालुक्यात फिरे. दोन मुलांचा बाप दिसला की ती थांबते, असं बाजारात म्हणत. तीन मुलांचा दिसला तर इंजिनसुद्धा बंद करत नाहीत, तसाच आत ओढतात, असंही म्हणत. आणि आमचे मधुकरराव म्हणजे दोन मुलांचे बाप, तिसरं घ्यायला खास विमानानं आलेले! असा माणूस भोरच्या बाजारातून बिनधास्त भाजीची पिशवी घेऊन हिंडत होता!

शनिवारची सकाळची शाळा होती. मी सातवीला नद्या शिकवत होतो. नीरेपर्यंत आलो आणि खिडकीतून चौकात जीप दिसली. लाल त्रिकोण! तीतून एक बाई उतरल्या. पांढरी साडी, काळी छत्री, काखेत फाइल. त्यांनी पानवाल्याला काहीतरी विचारलं. पानवाल्यानं हात लांब करून थेट आमच्या आळीकडे दाखवलं. बाई पुढच्या दुकानात विचारायला वळल्या, आणि मी नीरा आहे तिथेच सोडून शाळेच्या मागच्या दारानं पळालो.

घरी मधुकरराव दाढी करत होते.

"चला! सगळे दत्तूच्या टेम्पोत बसा!" मी म्हणालो.

"कुठं?" नलू.

"वेल्ह्याला, सुमनच्या मामांच्या वाडीवर. जीप आलीय!"

"कसली जीप?" अर्ध्या गालावरच्या साबणासकट मधुकररावांनी विचारलं.

मी बोटानं हवेत त्रिकोण काढला. ते इंजिनिअर. त्यांना वाटलं, मी छपराविषयी बोलतोय.

नलूला मात्र कळलं. "अरे पण दादा, छबीला इथून हलवायचं नाही ना! कोर्टानं सांगितलंय!"

"कोर्ट सोमवारी आहे. जीप आज आहे."

"मग ह्यांना एकट्याला पाठव!"

"मुलं दिसली की ते बाप शोधतात. तीन तीन दिसली तर शिट्ट्या मारत शोधतील!"

"वहिनी, तू तरी सांग ह्याला!"

सुमन शांतपणे म्हणाली, "त्या बाई कोण, कुठल्या, हे विचारलंत का?"

हा प्रश्न मला पुढे फार वर्षं ऐकावा लागला. त्या वेळी मी म्हणालो, "विचारायला वेळ आहे का!"

शेजारच्या दत्तूचा टेम्पो दुधाचे रिकामे कॅन घेऊन निघायच्या बेतात होता. कॅनच्या मधे पोरं, पोरांच्या मधे नलू, सुमनच्या मांडीवर ओठ काढलेली छबी, आणि पुढे दत्तूच्या शेजारी, मी सांगितल्याप्रमाणे कमरेत वाकलेले, अर्धी दाढी केलेले मधुकरराव. निघताना मी सुमनला बजावलं, "मामांना सांग, फाइलवाला कुणी आला तर पत्ता लागू द्यायचा नाही. मी स्वतः आलो तरी नाही. मला धरून आणलं असेल!"

मग मी पार्वतीकाकूंना दोन वाक्यांत सगळं समजावलं आणि घरात जाऊन खिडकीआड उभा राहिलो. थोड्या वेळानं बाई आल्या. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"परदेशातून एक जोडपं आलंय ना इथे?" बाईंनी विचारलं.

"परदेशातनं? हितं तर सासवडचंबी कुनी येत न्हाई."

"त्यांना दोन मुलगे आहेत."

"कुठलं मुलगं? त्यास्नी मूलच न्हाई."

"म्हणजे आलेत ते!"

काकू पक्क्या. "आल्यात. पन मूल न्हाई. लई नवस केलं बिचाऱ्यांनी."

"अर्जात दोन मुलगे लिहिलेत, बाई."

"असतील अर्जात. घरात न्हाईत."

बाईंनी फाइल उघडून हे लिहून घेतलं. काकूंनी माझ्या खिडकीकडे विजयी नजर टाकली.

मग बाई आमच्या दारात आल्या. दारातल्या दोरीवर दोन छोट्या चड्ड्या, चार झबली आणि एक टोपरं वाळत होतं.

"हे कपडे कुणाचे?"

"माझे," मी म्हणालो.

बाईंनी टोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे.

"लहानपणचे," मी म्हणालो. "ऊन दाखवतोय."

लिहून घेतलं.

"आपल्या मेहुण्यांविषयी थोडं सांगा."

"त्यांचं झालंय ऑपरेशन," मी घाईनं म्हणालो. "तिकडेच. दोनदा!"

"दोनदा? मग प्रकृती नाजूक असेल."

"अतिशय. उठवतसुद्धा नाही."

"मग मूल कसं सांभाळणार ते?"

"मूल?" मी हसलो. "अहो, मूल म्हटलं की अंगावर काटा येतो त्यांच्या! असेल नसेल ते कुणीतरी घेऊन जा म्हणतात!"

बाईंनी याच्याखाली रेघ मारली. दोन मारल्या. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात त्यांनी फाइलमधून कोर्टाचा शिक्का असलेला कागद काढून माझ्यासमोर धरला आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "म्हणजे दत्तक मुलीचा अर्ज मागे घ्यायचाय असं लिहू का?"

खरं सांगायचं तर कोर्टाचा अधिकारी म्हणजे काळा कोट, मिशा आणि मागे पट्टेवाला, एवढंच मी धरून चाललो होतो. नकाशात जे दाखवलेलं नाही ते जगात नसतं, अशी आम्हा भूगोलवाल्यांची समजूत असते.

"पण बाई… तुम्ही त्या जीपमधून…"

"माझी एसटी कापूरहोळला बंद पडली. जीपवाल्यांनी भोरपर्यंत आणलं. भली माणसं आहेत. मी सबनीस, कोर्टाकडून आलेय. अर्जातली मुलगी कुठाय?"

"वेल्ह्याला."

"कोर्टाला कळवलंत?"

"सोमवारी कळवणार होतो."

सबनीस बाईंनी फाइल मिटली. "मास्तर, मुलगी पत्त्यावर नाही, एवढं एक वाक्य लिहिलं तरी पुरे आहे. माझा नाइलाज होईल. आज दिवसाउजेडी मला मुलगी आणि आईवडील एकत्र दिसले नाहीत, तर सोमवारी मला तेच सांगावं लागेल."

मला नलूचा चेहरा दिसला. गेले दहा दिवस ती छबीसमोर हात पुढे करत होती आणि मागे घेत होती. मी म्हणालो, "बाई, मी तुम्हाला आत्ता घेऊन जातो!" पण कशानं? वेल्ह्याची एसटी दुपारपर्यंत नव्हती, दत्तूचा टेम्पो मीच पाठवलेला. चौकशी केली तर वेल्ह्याकडे निघालेलं एकच वाहन सापडलं.

त्याच्या दारावर लाल त्रिकोण होता.

मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो, मागे सबनीस बाई आणि आरोग्य खात्याचा एक कर्मचारी. कापूरहोळवरून नसरापूर, तिथून वेल्ह्याचा रस्ता. जीपवर भोंगा होता. छोट्या कुटुंबाचे फायदे तो गात होता आणि समोरच्या डोंगरावरून ते परत ऐकू येत होते. म्हणजे जीप पोचायच्या आधी पाव तास तिची वर्दी वाडीत पोचली होती.

वाडीच्या वळणावर आलो तर खळ्यात भात झोडणं चाललं होतं. पेंढ्याच्या गंजीवरून कुणीतरी ओरडलं, "आली रं आली! जावयालाच पुढं घालून आनलंय!"

बघता बघता खळं ओस पडलं. वीस-पंचवीस गडी डोंगराला लागले. सगळ्यांत मागे सुमनचे सोपानमामा, आणि त्यांच्या हाताला धरून मधुकरराव! अर्ध्या डोंगरावरून मामांनी हाक दिली, "जावईबापू, उडी मारा! आमी हाय!"

मी दोन्ही हात हलवून त्यांना खाली बोलवू लागलो.

"मामा, हात तर मोकळं हायती त्याचं!" दुसरा आवाज आला.

मग मामांचा जड आवाज. "फितूर झाला गड्या. सुमीचं नशीब!"

मामांच्या दारात हौसामामी उभ्या होत्या. कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात डोरलं.

"मामी, नलू कुठाय?"

"कोन नलू?"

"माझी बहीण! टेम्पोतनं आली ती!"

"हितं टेम्पो येतच न्हाई." (टेम्पो त्यांच्या पाठीमागे उभा होता. टेम्पोखालून दत्तूचे पाय दिसत होते.)

"बरं, मामांना तरी हाक मारा!"

"कोन मामा? मला मालकच न्हाई."

"मामी, निदान सुमन?"

"सुमी भोरला दिल्याली," मामी सबनीस बाईंकडे वळून म्हणाल्या. "नवरा खुळा निगाला, बाई. काय करता!"

"मामी, मीच सांगतोय ना, आता सांगायला हरकत नाही!"

मामी माझ्या कानाशी आल्या आणि कुजबुजल्या, "तुमीच सांगून ठिवलंय न्हवं, तुमी आला तरी सांगायचं न्हाई म्हून? मी शब्दाची पक्की हाय!"

सबनीस बाई सरळ गोठ्यात गेल्या. आत चार शेळ्या, एक गाय, नव्या पेंढ्याचा भारा, वर लाकडी माळा. पेंढ्याच्या धुळीनं बाईंना जोरात शिंक आली.

"ब्लेस यू!" शेळ्यांमधून आवाज आला.

शिंकेला असं म्हणायची विलायतेत रीत आहे. वेल्ह्याच्या शेळ्या सहसा म्हणत नाहीत. बाईंनी वाकून पाहिलं तर दोन शेळ्यांच्या मधे, डोक्याला मामांचा पटका, गालाला चुलीची काजळी, असा मिलिंद बसलेला. त्याच्या पलीकडून उदय त्याला चिमटा काढत होता.

"तुझं नाव काय, बाळ?"

"मला सांगायचं नाही असं सांगितलंय," मिलिंद आदबीनं म्हणाला. "माफ करा हं."

"आणि आई कुठाय?"

"आई माळ्यावर नाहीये."

बाई माळ्याकडे पाहत मोठ्यानं म्हणाल्या, "हे बघा, मी कोर्टाकडून आलेय. त्या जीपशी माझा संबंध नाही. पण मला मुलगी दिसली नाही, तर मी तसं लिहिणार."

वर पेंढा सळसळला. शिडीवर आधी नलूचे पाय दिसले, मग कडेवर छबी, मग नलूचा चेहरा. मी आयुष्यात पुष्कळ रागावलेली माणसं पाहिली आहेत, पण केसांत पेंढा घेऊन इतकं रागावलेलं कुणी पाहिलेलं नाही. मागोमाग सुमन उतरली. ती रागावलेली नव्हती. ती नुसती माझ्याकडे बघत होती, आणि ते जास्त वाईट होतं.

"तुम्ही का लपलात?" सबनीस बाईंनी विचारलं.

"मी नाही लपले, मला लपवलं," नलू म्हणाली. "दोन तास! वर अंधार, खाली शेळ्या ओरडतायत, ही घाबरलेली. वहिनी पोरांना शेळ्यांत बसवायला खाली गेली होती. जायला दुसरं कुणी नव्हतं हिला…"

बाईंनी छबीकडे हात केले. "ये गं. ये माझ्याकडे."

छबी सगळ्यांकडे जाते. आता ती जाणार, आणि बाई ते लिहिणार.

छबीनं बाईंकडे पाहिलं. ओठ काढले. मग नलूच्या गळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि तोंड तिच्या मानेत खुपसलं. नलू हलली नाही. मला वाटतं, ती श्वाससुद्धा घेत नव्हती. मी जरा वेळ शेळ्या मोजल्या. (चारच होत्या. मी पुन्हा पुन्हा मोजल्या.)

सबनीस बाईंनी फाइल उघडली नाही. बाहेर येऊन त्यांनी डोंगराकडे पाहून विचारलं, "वडील?"

वडील उतरत होते. मामांचं धोतर, डोक्याला मुंडासं, पायात विलायती बूट आणि अर्धी दाढी. नलूचा आवाज ऐकून ते मामांच्या हाताला हिसडा देऊन निघाले होते. खाली आले ते नेमके जीपशेजारी. आरोग्य खात्याच्या कर्मचाऱ्यानं सकाळपासून कोरी राहिलेली वही उघडली.

"मुलं किती?"

मी मागून हातवारे करत होतो. एक बोट! नाहीतर शून्य! काहीही!

मधुकररावांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गोठ्याच्या दारात उभ्या असलेल्या नलूकडे, तिच्या मानेत तोंड खुपसलेल्या छबीकडे पाहिलं आणि म्हणाले, "तीन."

कर्मचारी आनंदानं लिहू लागला. सबनीस बाई मधे आल्या. "ते माझ्याकडे आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही दुसरीकडे बघा."

दुसरीकडे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळी वाडी डोंगरावर होती. जाताना कर्मचारी मला म्हणाला, "मास्तर, तुमच्यामुळं आज एक माणूस मिळाला नाही. तुमचं नाव काय म्हणालात?" मी पार्वतीकाकूंच्या यजमानांचं सांगितलं.

सोमवारी कोर्टात अहवाल वाचला गेला. मी शेवटच्या बाकावर, खांबाआड बसलो होतो. "अर्जदार पती-पत्नी सुस्वभावी असून मुलीला त्यांचा लळा लागला आहे," असं कारकुनानं वाचलं आणि नलूनं डोळ्यांना पदर लावला. पण अहवाल तिथे संपला नव्हता. "मुलीचे मामा, म्हणजे अर्जदार पत्नीचे बंधू, हे सद्हेतूने वागणारे गृहस्थ आहेत," कारकून पुढे वाचू लागला. "तथापि त्यांच्या सहवासात मुलीचा ठावठिकाणा राहील, अशी खात्री देता येत नाही. मात्र अर्जदार लवकरच परदेशी प्रयाण करणार असल्याने मुलीचा सदर मामांशी वारंवार संबंध येण्याचा संभव नाही. ही बाब अर्जदारांच्या बाजूने विचारात घ्यावी."

न्यायाधीशसाहेबांनी पेन हातात घेतलं, पण टेकवलं नाही. चष्म्यावरून समोर पाहत त्यांनी विचारलं, "मामा हजर आहेत का?"

मी उभा राहिलो. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा नीट पाहिलं, आणि लगेच सही केली.